सिस्टर ओझेलाचं किचन

व्हर्लीन टटच्या कात्रीपेक्षा तिची जीभ धारदार, हे हॉली बेंडमधल्या एकूण एक बाईला ठाऊक होतं, आणि तरी सगळ्या तिच्याचकडे जायच्या. हात सोन्याचा, मग जीभ चालवून घ्यावीच लागते. अलाबामातल्या आमच्या त्या नदीकाठच्या गावात केसांची दुकानं तीन, पण आमच्या दाट, कुरळ्या, हट्टी केसांच्या मनातलं ओळखणारी बाई एकच. बाईमाणूस खुर्चीत टेकलं की व्हर्लीन दोन बोटं केसांत घालायची आणि निकाल द्यायची, "घट्ट वेण्या घातल्यास ना गं? कपाळ मागे चाललंय तुझं. असंच चाललं तर दोन वर्षांत टाळूला जाऊन भेटेल." बाई रडायची, फणकारायची आणि पुढच्या शनिवारी गुमान परत यायची.

परत आली नाही ती एकटी सिस्टर ओझेला ग्रिम्सली.

आमच्या चर्चमध्ये बाई म्हणजे सिस्टर आणि पुरुष म्हणजे ब्रदर, पण ओझेला म्हणजे काय ऐरीगैरी नव्हे. शाळेतल्या पोरांना तीस वर्षं जेवू घालून निवृत्त झालेली, चर्चच्या दारावर पांढरे हातमोजे घालून लोकांना जागा दाखवायला उभ्या राहणाऱ्या बायकांची अध्यक्ष. तिच्या हातचा गोड, खरपूस पीच कॉबलर ओव्हनमधून निघाला की तीन गल्ल्या पलीकडचे पुरुष आपोआप धार्मिक व्हायचे. आणि दर वर्षी महिला रविवारी सगळ्या बायका पांढरे कपडे घालून चर्चमध्ये शिरायच्या, तेव्हा सगळ्यांत पुढे ओझेला. मान अशी ताठ, की मागच्यांना वाटावं, हिच्या कण्याला इस्त्री केलीय की काय.

भांडण झालं तेही मानेवरूनच. मानेवर, कॉलरच्या काठाशी जे बारीक, गच्च कुरळे केस असतात ना, त्यांना आमच्याकडे किचन म्हणतात. का म्हणतात ते विचारू नका. आमच्या आया म्हणायच्या, आम्हीही म्हणतो. अख्ख्या डोक्यात सगळ्यांत हट्टी जागा ती, आणि सगळ्यांत नाजूकही तीच. कॉलर तिथेच घासते, रुमालाची गाठ तिथेच बसते, घाम तिथेच मुरतो. आणि आमच्या बायका कपाळावरचे केस तासभर आरशात बघतील, पण मागचं किचन? ते दिसत नाही, म्हणून त्याचे हाल कुत्रा खात नाही.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी व्हर्लीननं ओझेलाच्या मानेवर बोट फिरवलं आणि भरल्या दुकानात सांगून टाकलं, "ओझेला, तुझं किचन खलास होत आलंय. ती केस सरळ करायची क्रीम बंद कर. सहा महिने त्याला विसावा दे, नाहीतर एक दिवस सगळं फणीत येईल."

केस वाळवायच्या टोपाखाली बसलेल्या बायकांना एरवी ढगांचा गडगडाटही ऐकू येत नाही. पण सिस्टर ड्रुसिलानं नेमकं त्याच क्षणी मान खाजवायला टोप वर उचललेला. तिनं ऐकलं. ती हसली. संपलं.

ओझेला अर्ध्या डोक्याला क्लिपा लावलेल्या अवस्थेत उठली. "माझं किचन माझं मी बघेन," म्हणाली आणि दार आपटून गेली. सहा महिने दोघी चर्चमध्ये एकाच बाकावर बसत होत्या, या टोकाला एक आणि त्या टोकाला एक. तीस वर्षांची मैत्री, आणि मध्ये मोकळी जागा. लोक तिथे आपल्या पर्सा ठेवायला लागले होते.

व्हर्लीनला फार काही नको होतं. एक वाक्य हवं होतं, 'व्हर्लीन, तुझं बरोबर होतं.' बस. त्यासाठी तिनं देवाला सुद्धा गळ घातली होती, आणि अशा प्रार्थना देव ज्या पद्धतीनं ऐकतो त्याच पद्धतीनं त्यानं ती ऐकली.

ऑगस्टमधला बुधवार. महिला रविवार तीन आठवड्यांवर. रेव्हरंड फ्लोमो त्याची भित्तिपत्रकं घेऊन दुकानात आले होते. हे रेव्हरंड आमच्याकडे नवे. मूळचे लायबेरियाचे, बिशपनी जूनमध्ये पाठवलेले. माणूस म्हणजे सज्जनपणाचा कळस, भाषा पुस्तकातली, आणि डोकं असं तुळतुळीत की दुकानातल्या दिव्याचं प्रतिबिंब त्यात दिसावं. व्हर्लीनचे हात साबणात होते. फोन वाजला. दुकानाच्या फोनला निरोप टिपून घेणारं मशीन होतं, आणि निरोप टिपताना ते सगळ्या दुकानाला ऐकवायचं.

"व्हर्लीन," मशीनमधून आवाज आला, दबका पण ठसक्यातला. "मी बोलतेय. कोण ते तुला कळलंय. हे बघ, माझं किचन जळलं. मागचं तर काही म्हणजे काही उरलं नाही. कुणाकडे बोललीस तर याद राख. मागच्या दारानं ये. तुझं सामान घेऊन ये." खट्.

टोपांखालच्या बायका मासिकं चाळत होत्या. त्यांना काही पत्ता नाही. पण रेव्हरंडच्या हातातली पत्रकं खाली पडली. "हे परमेश्वरा! सिस्टर ओझेलांचा आवाज ना हा? त्यांचं किचन जळलं?"

व्हर्लीननं तोंड उघडलं. एका वाक्याचं काम होतं. 'रेव्हरंड, अहो, किचन म्हणजे मान.' पण मग तिला ते दार आठवलं, सहा महिन्यांपूर्वी आपटलेलं. तिनं तोंड मिटलं, हात पुसले आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "तुम्ही ऐकलंतच की रेव्हरंड. मी काय वेगळं सांगू?"

खोटं एक अक्षर बोलली नाही बाई. हे ती पुढे कित्येक वर्षं सांगत होती.

संध्याकाळी ती मागच्या दारानं गेली. ओझेलाचं खरं स्वयंपाकघर लखलखत होतं. पिवळे पडदे, त्यावर छापलेल्या कोंबड्या. शेगडीवर पालेभाजी रटरटत होती. आणि मधोमध खुर्चीत डोक्याला फडकं बांधून ओझेला, चेहरा एखाद्या मयताला आल्यासारखा. व्हर्लीननं फडकं सोडलं आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. चेष्टा करायचं घशाशी आलं होतं, ते तिनं गिळलं. मानेवर चार बोटं रुंदीचा पट्टा साफ. मध्ये लाल चट्टे, दोन जागी खपल्या, कडेला तुटक्या केसांचे खुंट.

"किती वेळ ठेवलीस क्रीम?"

"खोक्यावर लिहिलं होतं तेवढाच."

"ओझेला."

"...फोन आला गं मध्येच. डेट्रॉइटहून बहिणीचा."

"मागून लावायला सुरुवात केलीस, मागचं तसंच राहिलं आणि तू बोलत बसलीस. किती वेळ?"

"चाळीस मिनिटं असतील."

"कशाबद्दल एवढं?"

"हवापाण्याबद्दल."

"चाळीस मिनिटं हवापाणी?" व्हर्लीन म्हणाली. "त्या हवापाण्याचं नाव व्हर्लीन टट होतं ना?"

उत्तर ओझेलाच्या कानांनी दिलं, लाल होऊन. व्हर्लीननं थंड पाण्यात मऊ कापड भिजवलं आणि अलगद टेकवलं. अंगणातल्या कोरफडीचं पातं चिरून गर लावला. "तेल आज नाही. खपल्या जाईपर्यंत नाही. मग रोज रात्री बोटाच्या टोकावर मावेल एवढं एरंडेल, चोळायचं नाही, नुसतं टेकवायचं. फणी लावशील तर हात तोडीन. उशीला सॅटिनची खोळ. आणि फडक्याची गाठ पुढे, कपाळावर. किचनवर गाठ मारलेली मला दिसता कामा नये."

"महिला रविवारपर्यंत येतील?"

"केस आहेत की दुधी भोपळा? तीन आठवड्यांत लव येईल नुसती."

ओझेलानं डोळे मिटले. आणि मग तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "पुढे मी चालते, व्हर्लीन. अख्ख्या चर्चचे डोळे माझ्या मानेवर असतात. चाळीस वर्षं मी त्यांना ताठ मान दाखवली. आता हे दाखवू? त्यापेक्षा मी जाणारच नाही. ड्रुसिलाला द्या म्हणावं पुढची जागा."

व्हर्लीननं कोरफडीचं पातं खाली ठेवलं. आता सांगून टाकावं रेव्हरंडचं, असं तिच्या मनात आलं. पण तेवढ्यात ओझेला म्हणाली, "सगळं तुझ्यामुळे. त्या दिवशी भरल्या दुकानात काळ्या जिभेनं बोललीस, तेच भोवलं."

"असं का?" म्हणाली व्हर्लीन. आणि सांगायचं राहिलं ते राहिलंच.

"तू कुणाला बोलली नाहीस ना?"

"माझ्या तोंडून अवाक्षर नाही."

गुरुवारी संध्याकाळी प्रार्थनेला साठ माणसं होती. ओझेला नव्हती, अर्थात. रेव्हरंड फ्लोमो उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्या भगिनी ओझेला यांचे स्वयंपाकघर आगीत भस्मसात झाले आहे. त्या स्वाभिमानी आहेत. हे कुणाला कळावे अशी त्यांची इच्छा नाही. म्हणून ही गोष्ट आपल्यातच ठेवा."

साठ जणांत!

बरं, ते 'किचन' म्हणाले असते तर निदान बायकांच्या डोक्यात प्रकाश पडला असता. पण पुस्तकी माणूस, म्हणाला स्वयंपाकघर. झालं! पुरुषांचे चेहरे पडले. कॉबलर गेला, कोंबडी गेली, मक्याचा पाव गेला, जणू गावाचाच चुलखंड विझला. ब्रदर पीवी, जे चर्चच्या ट्रस्टींमध्ये सगळ्यांत कमी बोलतात, ते उठून म्हणाले, "आईची ओव्हनची मोठी शेगडी पडून आहे माझ्याकडे. शनिवारी नेऊ." व्हर्लीननं कागदी पंखा तोंडासमोर धरला. लोकांना वाटलं, मैत्रिणीसाठी रडतेय. खांदे तर तसेच हलत होते.

पण घरी गेल्यावर तिला झोपेना. शुक्रवारी सांगू म्हणाली, तर शुक्रवारी दुकानात गर्दी. शनिवारी सकाळी मलमपट्टीला जाईन तेव्हा सांगेन, असं ठरवून ती गेली, ओझेलाला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं, फडकं सोडलं, खांद्यांवर टॉवेल टाकला, पाण्याची परात शेजारी ठेवली. खपल्या सुटत आल्या होत्या. आणि तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला.

ओझेलानं पडदा बोटभर सरकवला. ब्रदर पीवींचा ट्रक. वर दोरखंडानं बांधलेली पांढरी शेगडी. मागे तीन गाड्या. गाड्यांतून झाकलेली भांडी घेऊन उतरणाऱ्या बायका, पुढे ड्रुसिला. सगळ्यांच्या पुढे रेव्हरंडचं डोकं, उन्हात चकाकत.

"हे काय?" ओझेला म्हणाली.

व्हर्लीननं सांगितलं. भरभर, एका दमात, कारण ते फाटकाशी आले होते.

ओझेलाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "केसानं गळा कापलास गं माझा!"

"केस कुठे उरलेत तुझ्याकडे?" व्हर्लीनच्या तोंडून गेलं, आणि तिनं लगेच स्वतःची जीभ चावली. "अगं, जाऊन सांगते मी, गैरसमज झाला म्हणून. काही जळलं नाही म्हणून."

"शहाणीच आहेस! त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलंय, मी म्हणाले किचन जळलं. चूल तर धडधाकट दिसते. मग कुठलं किचन जळलं, हे त्याला नाही कळणार. पण मागे ड्रुसिला आहे! तिला पापणी लवायच्या आत कळेल." ओझेलानं इकडेतिकडे पाहिलं. मग एकदम शांत झाली. "जळलं म्हणतायत ना? मग जळलंच पाहिजे."

"ओझेला, नाही!"

पण तिनं काडी ओढली होती. पहिल्यांदा पडदा पेटेचना, स्टार्च केलेला, कडक. दुसऱ्या काडीला एका कोंबडीच्या शेपटीनं पेट घेतला, आणि तिसऱ्या काडीची गरजच पडली नाही. भसकन् जाळ वर गेला, छताशी काळा धूर, मीठ-मिरीच्या डब्यांची फळी तडतडायला लागली. "अगं, थोडंसंच जाळायचं होतं!" ओझेला किंचाळली. व्हर्लीननं परात उचलली आणि मानेचं सगळं पाणी पडद्यावर फेकलं. चर्रर्र झालं. तेवढ्यात दार उघडलं आणि शेगडीच्या चार कोपऱ्यांना चार माणसं, त्यांच्या मागे सगळी मंडळी आत.

ओझेला दाराकडे पाठ करून उभी होती. टॉवेल कधीच खाली पडला होता.

आता बघा. ज्या तमाशासाठी व्हर्लीननं तीन दिवस ओठ दाबून धरले, तो समोर उभा होता. फक्त बाजूला व्हायचं होतं. ती बाजूला झाली नाही. दोन ढांगांत ओझेलाच्या मागे गेली आणि तिच्या उघड्या मानेवर सगळा तळवा ठेवला. थंड, ओला. तिच्या तळव्याखाली ती मान थरथरत होती, आणि व्हर्लीनला आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी स्वतःची लाज वाटली.

"सिस्टर ओझेला," रेव्हरंड हात जोडून म्हणाले, "देवाची कृपा, तुम्ही सुखरूप आहात."

ब्रदर पीवींनी धुराकडे पाहिलं, मग ठिबकणाऱ्या पडद्याकडे. "बुधवारची आग ना ही?" ते म्हणाले. "शनिवारपर्यंत चांगली गरम राहिली."

ड्रुसिलाची नजर फिरायला लागली, काड्यांच्या पेटीवरून कोरफडीवर, कोरफडीवरून व्हर्लीनच्या हातावर. "व्हर्लीन, तू तिची मान का धरून ठेवलीस?"

"चक्कर आली तिला," म्हणाली व्हर्लीन.

"काढ हात," ओझेला म्हणाली.

"नाही काढणार."

"व्हर्लीन. काढ म्हणते ना. तीन दिवस लपवून मी घर पेटवलं. अजून लपवलं तर गाव पेटवीन." आणि तिनं स्वतःच तो हात धरून बाजूला केला. पाठमोरीच राहिली. आवाज चर्चच्या दारावर असायचा तसाच. "रेव्हरंड, जवळ या. नीट बघा. हे किचन. आमच्यात यालाच म्हणतात. हे जळलं, माझ्या हट्टापायी. आणि पडदा मी आत्ता जाळला, तुम्ही आलात म्हणून."

रेव्हरंड जवळ आले. वाकून पाहिलं. मग एकेक गोष्ट त्यांच्या ध्यानात येत गेली, फोन, प्रार्थना, साठ माणसं, शेगडी. ते सरळ झाले. त्यांचा हात हळूहळू वर गेला आणि स्वतःच्या तुळतुळीत डोक्यावर टेकला.

"याला किचन म्हणतात?" ते म्हणाले. "मग सिस्टर, माझं तर अख्खं घरच जळालंय की!"

पहिली हसली ओझेला. पाठमोरी, खांदे हलवत, टेबलाला धरून. मग ड्रुसिला अशी हसली की मॅकरोनीचं भांडं हातातून निसटलं. ब्रदर पीवी हसले नाहीत, पण शेगडी खाली ठेवून त्यांनी डोळे पुसले. ती शेगडी परत गेली नाही. चार माणसांनी वाहून आणलेली वस्तू परत न्यायची नसते, असं ब्रदर पीवींनी ठरवलं. दोन शेगड्या म्हणजे दोन कॉबलर, हा हिशोब त्यांनी मनातच केला असणार.

सगळे जेवून गेल्यावर दोघीच उरल्या. व्हर्लीन भिंतीवरची काजळी पुसत होती. "मला बुधवारीच सांगता आलं असतं रेव्हरंडला," ती म्हणाली. "मुद्दाम नाही सांगितलं."

"माहीत आहे," म्हणाली ओझेला. "तीस वर्षं तुझ्यापुढे मान वाकवून बसलेय. तू मागे हसलीस की माझ्या पाठीला कळतं." तिनं काड्यांची पेटी उचलून खणात टाकली. "मग हात का ठेवलास?"

व्हर्लीननं फडकं पिळलं. पुन्हा पिळलं. "तुझी मान आहे ती," म्हणाली. "दाखवायची तर तू दाखव. मी कोण?"

'तुझं बरोबर होतं' हे ओझेला त्या दिवशी म्हणाली नाही, नंतरही कधी म्हणाली नाही. तिनं खुर्ची ओढली, पाठ करून बसली आणि हनुवटी छातीला लावली. "कर पुढचं," म्हणाली. व्हर्लीननं कोरफड घेतली.

महिला रविवारी बायका चर्चच्या पायऱ्यांवर पांढऱ्याशुभ्र उभ्या राहिल्या, तेव्हा ओझेलाच्या डोक्यावर हॅट नव्हती. व्हर्लीननं मागचे केस मशीननं बारीक करून कडा साफ कोरली होती, आणि मधल्या चट्ट्यांवर लव धरली होती, नुकत्या उगवलेल्या अळीवासारखी. ड्रुसिला सवयीनं तिच्या मागे जाऊन उभी राहिली. ओझेलानं तिला बोटानं बाजूला केलं. "इथे व्हर्लीन."

"मी कधी रांगेत चालत नाही," व्हर्लीन म्हणाली.

"आज चाल."

ऑर्गन सुरू झाला. दार उघडलं. सगळं चर्च उभं राहिलं आणि ओझेला निघाली, मान पूर्वीसारखी, इस्त्री केलेली. चार पावलं गेल्यावर तिनं मागे न बघता, ओठ न हलवता विचारलं, "दिसतंय का गं?"

"दिसतंय."

"किती?"

"सगळं."

"मग बघत चल," म्हणाली ओझेला, आणि तिनं मान आणखी ताठ केली.